किलोच्या भावातली भूमिती

भोसरीतल्या एखाद्या गल्लीत, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड भागात जुनी यंत्रं विकणाऱ्याच्या शेडमध्ये शिरलात, तर लेथचा भाव सांगताना विक्रेत्याच्या मनात दोन आकडे असतात. चालू यंत्र म्हणून कुणी नेलं तर मिळेल तो एक. आणि गिऱ्हाईक आलंच नाही, तर भट्टीवाला बिडाला किलोमागे जे देईल त्याने गुणून येणारा दुसरा. साडेचार फुटी लेथ चार-पाचशे किलो सहज भरतो, त्यामुळे हा दुसरा आकडाही काही फुटकळ नसतो. सगळी घासाघीस या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालते.

गंमत अशी, की त्या चार-पाचशे किलोंत आपण ज्याचे पैसे मोजतो त्याला वजनच नसतं. आपल्याला हवा असतो सरळपणा, गोलपणा, सपाटपणा आणि एकसारखं अंतर. बीड असतं ते हे सगळं धरून ठेवायला.

हौशी माणसाला लेथ कशाला लागतो, हा प्रश्न घरचे विचारतातच. कुणाला वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती करायची असते, कुणाला दुर्बिणीचा स्टँड, कुणाला जुन्या स्कूटरचं न मिळणारं बुश. नवा चांगला लेथ घरगुती खिशाला झेपत नाही आणि स्वस्तातला नवा छोटा लेथ हाताला खेळण्यासारखा लागतो. दरम्यान सीएनसी यंत्रं आली, छोट्या वर्कशॉपवाल्यांनी हाताने चालवायचे लेथ कोपऱ्यात सरकवले आणि एकेकाळी एका टर्नरच्या कुटुंबाचं पोट चालवणारी यंत्रं विकायला निघाली. हौशी माणसाच्या दृष्टीने हा काळ भाग्याचा आहे.

पण जुना लेथ पारखायचा कसा? त्यासाठी आधी एक गोष्ट नीट पाहून घ्यावी लागते. ती कळली की विक्रेत्याने मारलेला नवाकोरा हिरवा रंग आपोआप दिसेनासा होतो.

लेथवर जॉब, म्हणजे कातायची वस्तू, फिरतो आणि टूल सरकतं, एवढीच काय ती हालचाल. जॉब गोल होतो, कारण स्पिंडल आपल्या बेअरिंगमध्ये एकाच अक्षाभोवती फिरतो. त्या गोलपणाशी बेडचा काडीचाही संबंध नाही. जॉब लांबीभर एकाच जाडीचा होतो, कारण टूल वाहून नेणारी कॅरेज ज्या रुळांवरून सरकते ते बेडचे रूळ सरळ आहेत आणि स्पिंडलच्या अक्षाला समांतर आहेत. जॉबचं तोंड सपाट होतं ते टूल आडवं सरकवणारी क्रॉस स्लाइड अक्षाला काटकोनात असल्यामुळे. आणि आटे एकसारख्या अंतरावर पडतात ते कॅरेज ओढणारा लीड स्क्रू आणि गिअर यांमुळे. म्हणजे भूमितीतली चार वेगवेगळी सत्यं यंत्राच्या चार वेगवेगळ्या अवयवांत वाटून दिलेली आहेत. एक बिघडलं म्हणून दुसरं बिघडतंच असं नाही. ज्याचा बेड पार झिजला आहे अशा लेथवरही निखळ गोल वस्तू निघते, फक्त ती एका बाजूला किंचित निमुळती होते. तेव्हा ‘लेथ चांगला आहे का?’ हा प्रश्नच ढोबळ आहे. यातलं कोणतं सत्य शाबूत आहे, कोणतं दुखावलंय आणि आपल्याला कशाची गरज आहे, असं विचारावं लागतं.

यात माणसाच्या हाताला जागा कुठे? सावंतवाडीत लाकडी खेळणी कातणारा कारागीर पटाशी हातात धरतो. त्याचा भोवरा गोल होतो तो यंत्रामुळे, पण भोवऱ्याचा उतार ठरवतो तो त्याचा हात. जगभर हजारो वर्षं कातकाम असंच चाललं. धातूच्या कामात हातातली पटाशी काढून ती यंत्राच्या मुठीत देण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात होत होते. जाक द व्होकान्सों या फ्रेंच माणसाचा १७५१च्या सुमाराचा लेथ पॅरिसच्या संग्रहालयात आहे. पण या सगळ्या कल्पना एका आटोपशीर, धातूच्या यंत्रात बसवून त्याची चालती परंपरा सुरू केली ती लंडनच्या हेन्री मॉडस्लीने, १८००च्या आसपास. हा माणूस वूलिचच्या शस्त्रागारात लहानाचा मोठा झाला, मग जोसेफ ब्रामा नावाच्या कुलूप बनवणाऱ्याकडे कामाला लागला. न उघडता येणारी कुलपं भराभर करायची तर त्यांचे भाग एकसारखे हवेत, आणि ते करायला यंत्रं हवीत. तिथून त्याचं डोकं यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांकडे वळलं. त्याचा आटे पाडायचा लेथ आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेला आहे. टेबलावर मावेल एवढाच आहे. भोसरीतल्या हिरव्या यंत्रात आणि त्यात मूळ मांडणीचा फरक फारसा नाही.

आता इथे एक कोडं आहे. लेथने चांगला स्क्रू करायचा तर त्या लेथला आधीच एक चांगला लीड स्क्रू लागतो. मग जगातला पहिला चांगला स्क्रू आला कुठून? मॉडस्लीने एक तिरकं पातं बनवलं. मऊ धातूच्या किंवा लाकडाच्या फिरत्या दांड्यावर ते ठराविक कोनात टेकवलं, की दांडा फिरेल तसं ते आपल्यामागे मळसूत्री रेघ ओढत पुढे सरकायचं. अशा स्क्रूंतून त्याने बरे तेवढे निवडले, त्यांच्यावरून पुढचे केले, चुका शोधून काढत गेला. खगोलशास्त्राच्या उपकरणांवर रेघा आखण्यासाठी त्याने पुढे एक स्क्रू केला, पाच फूट लांब, इंचाला ५० आटे. त्याचा नट एक फूट लांबीचा होता, म्हणजे एकाच वेळी ६०० आटे धरणारा. एवढा लांब नट कशाला? एखाद-दुसऱ्या आट्यातली चूक ६०० आट्यांच्या गर्दीत विरून जावी म्हणून. चुकीच्या स्क्रूवर चुकीचाच नट, पण त्यातून मिळणारी हालचाल दोघांपेक्षा अचूक! थोडं वाईट असलेल्या साधनातून थोडं बरं साधन काढायचं आणि त्यातून आणखी बरं. लेथच्या घराण्याचा सगळा इतिहास या एका युक्तीवर उभा आहे.

सपाटपणाची गोष्ट याहून अद्भुत आहे. तुमच्याजवळ एकही सपाट वस्तू नाही, पट्टी नाही, काच नाही. तर सपाट पृष्ठभाग शून्यातून कसा निर्माण कराल? दोन बिडाचे पाट एकमेकांवर घासले तर ते एकमेकांशी जुळतात खरे, पण एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट झाला तरीही ते जुळतातच. दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी लोक याच गुणाचा फायदा घेतात. काचेवर काच घासली की एकीला वाटीसारखा खोलगटपणा आपोआप येतो. सपाट हवं असेल तर मात्र तिसरा पाट आणावा लागतो. पहिला दुसऱ्याशी जुळवायचा, पहिला तिसऱ्याशी जुळवायचा. पहिला खोलगट असेल तर दुसरा आणि तिसरा दोन्ही फुगीर झालेले असतात. मग त्या दोघांना समोरासमोर आणलं की ते मध्यावरच टेकतात आणि चोरी पकडली जाते. उंच भाग खरवडायचा, पुन्हा फेरी सुरू. तिघं आपसांत कोणत्याही जोडीने जुळतात ती अवस्था एकच: तिघंही सपाट. मोजमापाचं एकही साधन न वापरता, केवळ तर्काने आणि चिकाटीने सपाटपणा जन्माला येतो.

मॉडस्लीच्या कारखान्यात हे पाट कारागिरांच्या बाकावर ठेवलेले असत. तिथे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने ही पद्धत पक्की केली आणि १८४० साली ग्लासगोला विद्वानांच्या सभेत मांडली. घासण्याऐवजी खरवडा, हा त्याचा आग्रह होता. एका पाटाला निळा रंग पातळ फासायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, जिथे निळं लागलं तिथला उंचवटा हाताच्या स्क्रेपरने केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ खरवडून काढायचा. जुन्या यंत्रांचे बेड दुरुस्त करणारे फिटर आजही हेच करतात. निळ्या रंगाने माखलेली बोटं हा त्यांचा दाखला.

आता शेडमधल्या त्या लेथपाशी या. बेडवरचं तेल फडक्याने पुसा आणि टेलस्टॉकच्या, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या, अगदी टोकाला, जिथे कॅरेज क्वचितच पोचते, तिथे तिरक्या उजेडात पाहा. बेड हाताने खरवडलेला असेल तर तिथे अर्धचंद्रांची किंवा चौकड्यांची बारीक नक्षी दिसेल. शोभेसाठी वाटते, पण तेल धरून ठेवायला तिचा उपयोग होतो. मग नजर हळूहळू जॉब पकडणाऱ्या चककडे न्या. नक्षी पुसट होत जाते आणि चकच्या पुढच्या हातभर पट्ट्यात पूर्ण नाहीशी होते. बहुतेक जॉब आखूड असतात, ते चकजवळच कातले जातात, कॅरेज वर्षानुवर्षं त्याच हातभर जागेत येरझाऱ्या घालते. रोजच्या वाटणाने मधोमध खोलगट झालेल्या पाट्यासारखी ती जागा असते. ग्राइंडिंग केलेल्या बेडवर नक्षी नसते. तिथे नख वापरा. कॅरेज कधीच जात नाही तिथून नख आडवं ओढत आणा, रुळाच्या कडेला झिजलेला आणि न झिजलेला भाग भेटतो तिथे पायरी लागते. नखाला ती जेमतेम जाणवली तर हरकत नाही. नख अडलं तर भाव पाडा.

दुसरी परीक्षा हातांनीच करायची. चकजवळ कॅरेजची गिब, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, इतकी आवळा की चाक फिरवताना जेमतेम ओढ लागेल. मग कॅरेज टेलस्टॉककडे नेऊ लागा. झिजलेल्या भागात बरोबर बसणारी कॅरेज न झिजलेल्या भागात जाऊन घट्ट होते, कधी कधी अडकून बसते. किती लवकर अडकते, यावरून यंत्राचं आयुष्य कसं गेलं ते कळतं.

इथे बर्लिनच्या एका प्राध्यापकाची ओळख करून द्यायलाच हवी. गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली यंत्रं तपासायच्या कसोट्यांचं पुस्तक काढलं. नाझी सत्तेवर आल्यावर या ज्यू माणसाला जर्मनी सोडावी लागली, अखेरची वर्षं इंग्लंडमध्ये गेली. पण त्यांच्या कसोट्या जगभरच्या कारखान्यांत रुजल्या. जुन्या लेथबरोबर कधी कधी पिवळा पडलेला टेस्ट चार्ट मिळतो, तो या पुस्तकाचा नातू समजा. कसोट्यांतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातल्या एकतर्फी सवलती. चूक शून्य असूच शकत नाही, हे श्लेसिंगर धरून चालतात. मग थोडी चूक चालेल, पण कोणत्या दिशेने, ते सांगतात. बेड मध्यभागी किंचित फुगीर चालेल, खोलगट चालणार नाही. टेलस्टॉकचं टोक किंचित उंच चालेल, खाली नाही. स्पिंडलमध्ये धरलेल्या दांड्याचं मोकळं टोक किंचित वर आणि किंचित टूलच्या बाजूला झुकलेलं चालेल, उलट नाही. फेसिंग केलेली, म्हणजे तोंड कातलेली, चकती किंचित खोलगट चालेल, फुगीर नाही.

का? कारण बेड झिजणार तो खालच्या दिशेनेच. टेलस्टॉक सरकून सरकून खाली उतरणार. जॉबच्या वजनाने दांड्याचं टोक वाकणार ते खाली, टूलच्या दाबाने ढकललं जाणार ते मागे. म्हणजे नवा लेथ मुद्दाम म्हातारपणाच्या विरुद्ध बाजूला किंचित चुकवलेला असतो. वापरता वापरता तो आधी अचूकतेकडे जातो आणि मगच तिच्यापासून दूर. चकतीचं कारण वेगळं, पण तितकंच शहाणपणाचं: दोन खोलगट चकत्या समोरासमोर ठेवल्या तर कडांवर घट्ट बसतात, फुगीर असतील तर डुगडुगतात. या एकतर्फी सवलतींमुळे चांगल्या कारखान्याचा मध्यमवयीन लेथ नव्यापेक्षा अचूक असू शकतो, आणि हे वाक्य लिहिताना मी अतिशयोक्ती करत नाहीये.

झिजेची भीती कमी करणारा आणखी एक हिशेब आहे. रूळ झिजले म्हणून टूल मिलिमीटरचा दहावा भाग खाली गेलं, असं समजा. २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा कातताना व्यासात किती फरक पडेल? पायथागोरसला विचारलं तर तो सांगतो, ०.००८ सुद्धा नाही, ०.०००८ मिलिमीटर. मोजताच येणार नाही. तेच टूल तेवढंच आडवं सरकलं, जॉबपासून मागे, तर व्यास ०.२ मिलिमीटरने वाढेल. झीज तेवढीच, पण दिशा बदलली की परिणाम अडीचशे पट! वर्तुळाच्या बाजूला टेकलेलं टूल थोडं खाली गेलं तर ते जवळजवळ वर्तुळावरूनच घसरत असतं, म्हणून हे होतं. अनेक जुन्या ब्रिटिश लेथचे बेड सपाट असतात. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये बनलेला, जगभरच्या हौशींचा लाडका मायफर्ड एमएल-७ हा त्यातलाच. सपाट बेडाची झीज बरीचशी खालच्या दिशेने होते आणि माफ होते. व्ही आकाराच्या रुळांवर झीज तिरकी बसते, तेव्हा थोडी आडवी चूक पदरात येते. तरीही हौशी माणसाचं काम बहुधा त्याच हातभर पट्ट्यात, दहा-पंधरा सेंटिमीटरच्या लांबीत चालतं, आणि तेवढ्या लांबीत झिजलेला रूळसुद्धा बऱ्यापैकी सरळ असतो.

माझ्या मते बेडपेक्षा स्पिंडल महत्त्वाचा. बेडचा दोष कागद-पेन्सिल घेऊन सांभाळता येतो, गोलपणा गेला तर मात्र काहीच हाती लागत नाही. चकमध्ये जाडसा दांडा धरा, डायल गेजचं टोक चकच्या मागे स्पिंडलवर टेकवा आणि दांडा वर उचलून पाहा. काटा हलून तिथेच राहिला तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. बहुतेक वेळा ती नट आवळून जाते, पण ‘आवळून घ्या’ हे विक्रेत्याला तिथेच करायला सांगा, घरी नेऊन नव्हे. मग सगळ्यात जास्त वेगावर यंत्र अर्धा तास चालू ठेवा. चहा प्या. स्पिंडलची बेअरिंगं ज्यात असतात त्या हेडस्टॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर उत्तम, हात मागे घ्यावा लागला तर पुढच्या दुकानाकडे चला. आवाजही ऐका. एकसुरी घरघर चालते, ठराविक अंतराने येणारा ठोका म्हणजे एखाद्या गिअरचा दात गेलेला असतो.

थ्री-जॉ चक मात्र गाजावाजा करून तपासू नका. जुन्या चकच्या जॉ तोंडाशी पसरट झालेल्या असतात, दांडा थोडा वाकडा धरला जातो, आणि नवखा माणूस घाबरतो. पण लेथची एक जादू इथे कामाला येते. दांडा कितीही वाकडा पकडला तरी एकदा टूल त्यावरून गेलं की कातलेला भाग स्पिंडलच्या अक्षाशी तंतोतंत जुळतो. बाहेरचा व्यास, आतलं भोक, तोंड आणि आटे हे सगळं एकाच सेटिंगमध्ये, जॉब न सोडता केलंत तर सगळे भाग एकमेकांशी समकेंद्री असतात. चकच्या चुकीला तिथे प्रवेशच नाही. नव्या चकची बॅकप्लेटसुद्धा ज्या लेथवर बसायची त्याच लेथवर कातून घेतात. यंत्र स्वतःचा अवयव स्वतःच्या अक्षाला जुळवून घेतं.

क्रॉस स्लाइडच्या चाकात पाव फेरा रिकामा फिरतो, म्हणजे बॅकलॅश आहे, म्हणूनही नाक मुरडू नका. प्रत्येक कारागीर टूल नेहमी एकाच बाजूने, आत येत लावतो, त्यामुळे ढिलाई हिशेबातच येत नाही. नट फारच गेला असेल तर नवा पितळी नट करता येतो. कशावर? त्याच लेथवर.

यंत्र कुठून आलं ते विचारून घ्या. आयटीआय किंवा कॉलेजच्या लिलावातला लेथ कमी चाललेला असतो, पण विद्यार्थ्यांनी चक बेडवर टाकल्याचे घाव आणि टूल थेट फिरत्या चकमध्ये घातल्याच्या खुणा त्यावर असतात. रोज आठ तास एकच बुश कातणाऱ्या कारखान्यातला लेथ एका पट्ट्यात खोल झिजलेला, बाकी तंदुरुस्त. सगळ्यांत भाग्यवान तो, ज्याला टूल रूममधला लेथ मिळेल, म्हणजे म्हाताऱ्या, चिडक्या आणि दुसऱ्या कुणाला हात लावू न देणाऱ्या कारागिराकडचा.

मेकचं म्हणाल तर एचएमटी आणि किर्लोस्कर ही नावं दिसली की पाऊल थबकतं. एचएमटी म्हटलं की वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ आठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की बंगळूरची ही कंपनी १९५३ साली निघाली ती मशीन टूल्ससाठी, स्विस सहकार्याने, आणि तिने सुरुवात केली ती लेथने. घड्याळं पुढे आली. किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीत नांगर केले हे शाळेत शिकवतात, पण १९४१ साली हरिहरला निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ देशभरच्या वर्कशॉपांत चालले, ते फारसं कुणी सांगत नाही. हे लेथ जड असतात, आणि लेथच्या बाबतीत जडपणा हा सद्गुण आहे. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात, ते थरथर शोषतात आणि टूलला कचकच करू देत नाहीत. राजकोट, बटाला, लुधियानाचे हलके लेथ स्वस्त मिळतात. त्यांत खरोखर चांगलेही असतात, पण तिथे नावावर न जाता वरच्या सगळ्या परीक्षा दुप्पट कसोशीने घ्या.

आता गिअरची पेटी उघडायला लावा. हेडस्टॉकच्या डाव्या बाजूला बदलायची चाकं असतात, त्यांच्या जोड्या बदलून वेगवेगळे आटे पडतात. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचात असतो, इंचाला चार आटे. आपल्याकडे १९५६च्या कायद्यानंतर दशमान मापं आली, पण लीड स्क्रू कायद्याने बदलत नाहीत. मग इंचाच्या स्क्रूवरून मिलिमीटरचे आटे कसे पाडायचे? एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. १२७ ही मूळ संख्या आहे, तिचे भाग पडत नाहीत. म्हणून इंच आणि मिलिमीटर यांच्यामध्ये तंतोतंत पूल बांधणारं सगळ्यात लहान एकच चाक आहे: १२७ दात्यांचं. इंचाला चार आट्यांच्या स्क्रूवर १ मिलिमीटरचा आटा हवा तर २० दात्यांचं चाक १२७ला जोडा, दीड मिलिमीटरला ३० दात्यांचं, २ मिलिमीटरला ४०. हिशेब इतका सुंदर सुटतो की हसू येतं. फक्त एक पथ्य पाळायचं. असे आटे पाडताना कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा हाफ नट मध्येच उघडायचा नाही, मोटर उलटी फिरवून मागे यायचं, नाहीतर टूल पुढच्या खेपेला भलत्याच खाचेत शिरतं. आणि चक आट्यांनी बसवलेली असेल तर उलटी फिरवताना ती सुटून येऊ शकते, तेव्हा सांभाळून.

हे चाक पेटीत नसेल तर ते बनवणं सोपं नाही. डिव्हायडिंग हेडच्या नेहमीच्या प्लेटांवर १२७चा भाग पडत नाही, त्यासाठी गिअर जोडून फरकाच्या पद्धतीने इंडेक्सिंग करावं लागतं. आजकालचे हौशी मात्र थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकचं चाक छापून मोकळे होतात, आणि बारीक आटे पाडण्यापुरतं ते चालतंही.

विजेचं थोडक्यात. कारखान्यातली मोटर थ्री-फेज असते आणि घरात सिंगल फेज येतो. मोटर बदला, किंवा सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणारा व्हीएफडी बसवा. त्याने वेगही कमी-जास्त करता येतो. मोटर कमी व्होल्टेजला, डेल्टामध्ये जोडता येते का ते आधी वाइंडरला दाखवून घ्या. आणि अर्थिंग पक्कं करा, बिडाच्या अंगाला हात लावूनच काम करायचं आहे.

लेथ हलवणं हा वेगळाच सोहळा. हेडस्टॉकच्या बाजूला वजन जास्त असतं, म्हणून उचलण्याआधी कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून तोल साधतात. पट्टा लीड स्क्रूला टेकू द्यायचा नाही; चार-पाचशे किलोंच्या दाबाने तो एकदा वाकला की आट्यांचं सत्य कायमचं गेलं. हायड्रा क्रेन गल्लीत शिरत नसेल तर पाइपांचे रूळ, पहार आणि या कामात मुरलेले हमाल. त्यांच्या म्होरक्याचं ऐका, यूट्यूबवर पाहिलेलं त्याला सांगू नका.

आणि घरी आल्यावर लगेच कातायला घेऊ नका. आधी लेव्हल करा, तेही सुताराच्या लेव्हलने नव्हे. मशीनसाठीच्या लेव्हलची एक रेघ म्हणजे मीटरभर लांबीत ०.०२ मिलिमीटरचा उतार. एवढी बारीक लेव्हल लागते, कारण बिडाचा तो भक्कम बेड आपल्याला वाटतो तितका ताठ नसतो. चारपैकी एका पायाखाली कागदाच्या जाडीएवढी पट्टी सरकवली तरी तो पिळवटतो, आणि दीडशे मिलिमीटर लांबीत जॉबचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने बदलू शकतो. लेव्हल बेडवर आडवी ठेवून हेडस्टॉकपाशी आणि टेलस्टॉकपाशी पाहा. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच बसला पाहिजे. बेड पृथ्वीला समांतर नसला तरी चालेल, जहाजावरचे लेथही चालतातच. पीळ नको, एवढंच.

शेवटची तपासणी लेथ स्वतः करतो. इंचभर जाडीचा दांडा चकमध्ये धरा, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग बारीक करून दोन कडी ठेवा, एक चकजवळ, दुसरं मोकळ्या टोकाला. दोन्हींवरून टूल न हलवता एक अगदी हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही मापं वेगळी आली तर टेलस्टॉककडच्या पायाचा बोल्ट किंचित फिरवा, पुन्हा कट घ्या, पुन्हा मोजा. बऱ्याचदा फरक कमी होत होत मायक्रोमीटरला दिसेनासा होतो. म्हणजे जो टेपर, जॉबचा निमुळतेपणा, दाखवून तुम्ही शेडमध्ये भाव पाडून घेतला होतात, तो बेडच्या झिजेचा नव्हताच. विक्रेत्याच्या शेडची जमीन एका कोपऱ्यात खचली होती, इतकंच. त्याला फोन करून हे सांगायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.